जुन्या ट्रकची ऑइल गळती: डाग एकीकडे, उगम दुसरीकडे

कल्याणहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ६१ शहाडचा रेल्वेवरील पूल ओलांडून म्हारळ, वरप, कांबा या गावांवरून रायते येथे उल्हास नदी पार करतो आणि पुढे मुरबाडमार्गे माळशेज घाट चढतो. शहाडचा सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहती आणि घाटावरून कल्याणच्या बाजार समितीत येणारा शेतमाल यांमुळे या टापूत मालवाहू गाड्यांची वर्दळ असते व त्यांत बरीच वर्षे राबलेल्या गाड्याही असतात. अशा गाडीच्या इंजिनाखाली तेलाचा डाग दिसला, की ‘क्रँक सील गेले’, ‘पॅकिंग गेले’ किंवा ‘जुनी गाडी आहे, ऑइल टाकणारच’ यांपैकी एक निदान न वाकता, न पाहता तयार असते. या तिन्ही निदानांत एकच गोष्ट राहून जाते, ती म्हणजे तेल नेमके कुठून आणि कोणत्या कारणाने बाहेर पडते याचा शोध.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा, की जिथून थेंब पडतो तिथेच गळती असते. वस्तुस्थिती अशी, की तेल गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते आणि चालत्या गाडीत पंख्याच्या व समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या झोताने मागे ढकलले जाते, त्यामुळे थेंब नेहमी उगमाच्या खाली आणि बहुधा मागे दिसतो. इंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व्हची यंत्रणा झाकणारे जे टॅपेट कव्हर असते, त्याच्या मागच्या कोपऱ्यातील पॅकिंग कडक होऊन तडकले, की तेल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत बेल हाउसिंगपर्यंत, म्हणजे क्लच आणि फ्लायव्हील ज्या घंटेच्या आकाराच्या आवरणात असतात तिथपर्यंत, येते आणि त्याच्या तळाच्या फटीतून टपकते. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलची गळतीही नेमकी तिथेच दिसते. फरक खर्चाचा आहे, कारण टॅपेट पॅकिंग बदलणे हे तासाभराचे काम, तर मागचे सील बदलायचे म्हणजे गिअरबॉक्स आणि क्लच उतरवणे आणि गाडी एक-दोन दिवस जागेवर उभी ठेवणे. शिवाय उगम वरचा असेल, तर एवढा खटाटोप करूनही थेंब थांबत नाही.

म्हणून शोध नेहमी वरून खाली घ्यावा लागतो, आणि त्याआधी इंजिन धुऊन कोरडे करावे लागते, कारण वर्षानुवर्षांच्या तेल-धुळीच्या थरात ताजा ओघळ ओळखता येत नाही. प्रथम गळणारा द्रव इंजिन ऑइलच आहे ना, हे ठरवावे: डिझेल पातळ असते आणि वासावरून कळते, गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, कूलंट बोटाला तेलासारखा लागत नाही. डिझेल इंजिनात ऑइल काजळी धरून ठेवते, म्हणून ते लवकर काळे होते. ते काळे दिसले म्हणून खराब झाले, हा आणखी एक ठरीव समज आहे. इंजिन कोरडे झाल्यावर संशयित सांध्यांवर साधी टाल्कम पावडर उडवावी, इंजिन दहा-पंधरा मिनिटे सुरू ठेवावे आणि टॉर्चच्या उजेडात टॅपेट कव्हर, ऑइल फिल्टरचे बूड, प्रेशर स्विच, टायमिंग कव्हर आणि शेवटी चेंबर या क्रमाने पाहावे. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारी परात. पांढऱ्या पावडरीवर ओला रेघोटा सर्वांत वर जिथे सुरू होतो, तिथे उगम असतो. एवढ्याने भागले नाही तर मालासह एक फेरी करून पुन्हा पाहावे, कारण काही गळत्या तेल तापून पातळ झाल्यावर आणि चढावर इंजिनावर भार आल्यावरच उघड होतात. खाली शिरण्याआधी चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, आणि गाडी उचलली असेल तर ती जॅकवर न ठेवता घोडीवर, म्हणजे पक्क्या स्टँडवर, टेकवावी. जॅकच्या भरवशावर अंग घालणे हा धोका कोणत्याही गळतीपेक्षा मोठा आहे.

दुसरा गैरसमज ‘सील गेले’ या शब्दांतच दडलेला आहे. ऑइल सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी रबरी कडी, जिची पातळ ओठासारखी कड लहान स्प्रिंगच्या दाबाने दांड्याला चिकटून राहते. हे सील तेल अडवण्यासाठी केलेले असते, दाब अडवण्यासाठी नव्हे. इंजिन चालताना जळालेल्या वायूचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, उतरतो. गॅरेजच्या भाषेत याला ‘बॅक कॉम्प्रेशन मारणे’ म्हणतात. हा वायू बाहेर जाण्यासाठी ब्रीदर नावाची नळी असते. ती काजळीने किंवा चिकट गाळाने तुंबली, की आतला दाब वाढतो आणि तेल सर्वांत दुबळ्या सांध्यातून वाट काढते. तो सांधा दुरुस्त केला, की त्यानंतरच्या दुबळ्या सांध्यातून. एकाच गाडीचे पॅकिंग वर्षात तीनदा बदलावे लागते, त्यामागे बहुधा हे कारण असते, आणि घाट चढून आल्यावर डाग मोठा दिसतो त्याचेही उत्तर इथेच आहे. म्हणून कोणत्याही सीलला हात लावण्यापूर्वी ब्रीदर काढून, साफ करून, फुंकून पाहणे हा नियम असायला हवा. आयडलिंगला ऑइल भरण्याचे झाकण सैल केले असता धूर धपाधप बाहेर येत असेल आणि ब्रीदर मोकळा असेल, तर रोग रिंगांचा किंवा लायनरचा आहे. अशा वेळी सील बदलणे हा निव्वळ दिलासा ठरतो. जास्त भरलेल्या ऑइलचाही अशाच गोंधळात वाटा असतो: डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे तेल गेले, तर फिरता क्रँक ते घुसळून फेसाळवतो आणि ब्रीदरमधून बाहेर फेकतो, आणि ‘गळतेच आहे, थोडे जास्त टाकू’ या विचाराने गळती वाढते.

दुरुस्तीच्या टप्प्यावर सर्वांत आवडता उपाय म्हणजे बोल्ट आवळणे. सैल बोल्ट आवळावाच लागतो. पण चेंबर आणि टॅपेट कव्हर बहुधा पातळ पत्र्याचे असतात आणि बोल्ट गरजेपेक्षा आवळले, की भोकांभोवतीचा पत्रा आत दबतो, दोन बोल्टांमधला भाग वर उचलला जातो आणि कॉर्कचे पॅकिंग फाटून बाजूला सरकते. पत्र्याची कड सपाट पट्टीवर धरून तपासणे, दबलेली भोके हलक्या हातोडीने सपाट करणे, जुन्या पॅकिंगचा कण न कण खरवडून काढणे आणि मग बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, इंजिनच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कएवढे घट्ट करणे, ही सगळी कामे कंटाळवाणी आहेत, आणि गळती टिकून थांबते ती त्यांनीच. सिलिकॉन पेस्टचा थर जितका जाड तितका सांधा पक्का, हा समजही असाच उलटा. जास्तीची पेस्ट आतल्या बाजूला पिळून निघते, तिचे तुकडे सुटून चेंबरातील गाळणीवर जाऊन बसतात आणि ऑइल पंपाला पुरेसे तेल मिळेनासे होते. बाहेरची गळती थांबवण्याच्या नादात बेअरिंगे जाण्याची ही वाट आहे.

जाड ऑइलबद्दल निकाल इतका एकतर्फी नाही. १५ डब्ल्यू ४० या ग्रेडमध्ये पहिला आकडा थंडीतील वाहण्याचा आणि दुसरा तापलेल्या अवस्थेतील जाडीचा निर्देश करतो. त्याऐवजी २० डब्ल्यू ५० वापरल्यास तापलेले तेल अधिक दाट राहते आणि ठिबकणे थोडे मंदावते. उत्पादकाने तो ग्रेड मान्य केला असेल, तर कल्याण-उल्हासनगरच्या हवेत त्याने फार बिघडत नाही, पण तडकलेले पॅकिंग त्याने सांधले जात नाही. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांमधील रसायने रबर किंचित फुगवतात. सुकून आकसलेल्या सीलवर त्यांचा काही काळ उपयोग होतो, फाटलेल्या सीलवर होत नाही. सीलच्या कडेने दांड्यावर चर पाडली असेल, तर नवे सीलही त्याच चरीवर बसून गळते, म्हणून ते एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवणे किंवा दांड्यावर पातळ स्लीव्ह चढवणे हा खरा इलाज आहे.

डागाच्या आकारावरून गळती मोजणे पावसाळ्यात विशेष फसवे असते. ओल्या डांबरावर तेलाचा इंद्रधनुषी पापुद्रा मिलिमीटरच्या काही दशसहस्रांश एवढा पातळ पसरतो, त्यामुळे एकच थेंब सुमारे चौरस फूटभर जागा रंगवू शकतो. उलट, तीस-पस्तीस थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास दर दहा सेकंदांना एक थेंब म्हणजे तासाला सुमारे ११ मिलिलिटर, आणि रोज दहा तास गाडी चालली तर महिन्याला तीन लिटरांच्या पुढे. हे किरकोळ नाही. डाग नाही म्हणजे तेल जात नाही, असेही नाही. ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरला इंजिनातूनच तेल मिळते, आणि त्याच्या रिंगा झिजल्या, की ते हवेच्या टाकीत जाऊन बसते. टाकीचा कॉक उघडल्यावर पाण्याबरोबर काळे तेल पडले, तर हरवलेल्या लिटरांचा हिशेब लागतो. लहान डिझेल टेम्पोंत अल्टरनेटरच्या पाठीला लावलेल्या व्हॅक्यूम पंपाची ऑइल नळी हीही अशीच सहज नजरेआड राहणारी जागा.

‘रस्त्यावर पडलेले तेल पावसात धुऊन जाते’ हे म्हणणे खरे आहे, अडचण ते कुठे जाते याची आहे. अंबरनाथ-उल्हासनगरचे सांडपाणी वाहणारी वालधुनी उल्हास नदीला मिळते, आणि शहाड-टेमघर पाणीपुरवठा योजना याच उल्हासचे पाणी उचलते. काढलेले जुने ऑइल गटारात ओतणे तर नियमबाह्यच आहे, कारण घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाची नोंद आहे; ते झाकणाच्या डब्यात साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे लागते.

दुरुस्तीनंतरचा एक गैरसमज मिस्त्री आणि मालक यांच्यात वाद लावतो. सील किंवा टॅपेट पॅकिंग बदलल्यावरही बेल हाउसिंगमध्ये आणि चासीच्या पट्ट्यांवर साचलेले जुने तेल काही दिवस टपकत राहते, आणि ते पाहून काम फसले असे ठरवले जाते. हे टाळायचे तर जोडणीपूर्वी तो सगळा भाग डिझेलने धुऊन पुसावा, पहिल्या फेरीनंतर डिपस्टिकची पातळी लिहून ठेवावी आणि आठवड्याने, त्याच उभ्या जागेवर, इंजिन थंड असताना ती पुन्हा पाहावी. पातळी तीच असेल आणि थेंब दिवसागणिक कमी होत असतील, तर टपकते ते मागचेच तेल असते.