आरोळी आधी, चित्र नंतर

कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुका आहे. तेथील कांबळवाडी गावचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीच्या अंतिम फेरीत उतरला. या प्रकारात ५० मीटरवरील लक्ष्यावर नेम धरायचा असतो. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथे पडून आणि शेवटी उभे राहून. स्वप्नील सुरुवातीला सहावा होता. मग पाचवा झाला. शेवटी तर एकेका गोळीनंतर एकेक नेमबाज बाहेर पडू लागला. अखेर ४५१.४ गुण मिळवून त्याने कांस्यपदक जिंकले.

यापूर्वी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते १९५२ साली, हेलसिंकी येथे. कुस्तीगीर खाशाबा जाधव यांनी ते मिळवले. ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले होते. पण भारतात दूरदर्शन आले १९५९ साली. त्यामुळे त्यांची कुस्ती घरबसल्या पाहणे शक्यच नव्हते.

२०२४ मध्ये मात्र हे सामने टीव्हीवर होते आणि जिओसिनेमा या ॲपमुळे मोबाइलवरही. समजा, तुम्ही मोबाइलवर सामना पाहत आहात. पडद्यावर स्वप्नील अजून नेम धरून उभा आहे. इतक्यात शेजारच्या घरातून आरोळी उठते! तेथे टीव्ही चालू आहे. तुमची सारी उत्कंठा संपली. असे का होते?

टीव्हीचे चित्र उपग्रहावरून येते. तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तेथे जाऊन परत यायला रेडिओ लहरींना जेमतेम पाव सेकंद लागतो. बाकीचा काही सेकंदांचा उशीर चित्र तयार करण्यात जातो. मैदानातल्या ध्वनिक्षेपकाप्रमाणे हे चित्र एकदाच सुटते आणि सर्वांना मिळते. दहा घरे पाहोत की दहा लाख, उपग्रहाचे काम वाढत नाही.

इंटरनेटचे काम पोस्टमनसारखे आहे. प्रत्येकाच्या मोबाइलपर्यंत चित्र वेगळे पोहोचवावे लागते. त्यासाठी चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करतात. वाटेत एखादा तुकडा रेंगाळला तर चित्र थांबू नये, म्हणून मोबाइल आधी थोडे तुकडे साठवतो आणि मगच दाखवू लागतो. या साठवणीमुळेच मोबाइल पुष्कळदा टीव्हीच्या अर्धा मिनिट मागे राहतो. एकाच वेळी फार लोक पाहू लागले किंवा इंटरनेट मंदावले, तर चित्र पुसट होते, नाहीतर मध्येच अडकते.

म्हणजे टीव्हीच बरा का? राधानगरीचा पाऊस ज्याने पाहिला आहे, तो लगेच होय म्हणणार नाही. मुसळधार पावसात उपग्रहाच्या लहरी क्षीण होतात आणि छतावर डिश असूनही पडदा कोरा पडतो. वीज गेली तर टीव्ही बंदच. मोबाइल मात्र चालू राहतो, निदान बॅटरी व मनोरा साथ देईपर्यंत. प्रवासात तर त्याच्याशिवाय दुसरा उपाय नाही.

मी स्वतः एरवी मोबाइलवर सामना पाहतो. शेवटच्या काही गोळ्या उरल्या, की तो खिशात घालतो आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर जाऊन बसतो.