अंगात त्राण नाही, पण हाताला काम हवं: घरातल्या थकलेल्या आजी-आजोबांसाठी बसल्या जागी काय करता येईल?

"हातापायात जीवच न्हाई बघ. नुसतं बसून खायचं म्हणजे भार झाला की गं घराला." निपाणीच्या कुठल्याही गल्लीत दुपारी उंबऱ्यावर बसलेल्या एखाद्या आजीकडून हे वाक्य ऐकायला मिळतं. बोलणारी बाई बहुतेक वेळा आयुष्यभर राबलेली असते. कुणी तंबाखूच्या वखारीत चाळण मारलेली, कुणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेली. याच बायकांनी १९८०च्या आसपास संघटना बांधली आणि मजुरीसाठी लढा दिला. 'युगांतर' या गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला होता. त्या काळातल्या तरण्या पोरी आता सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. ज्या हातांना कधी उसंत नव्हती, त्या हातांना आता कामच नाही. थकव्याइतकाच हा रिकामपणाही माणसाला खातो.

म्हणून "आता आराम करा" एवढंच सांगून भागत नाही. पण आधी एक गोष्ट तपासून घ्या. थकवा म्हणजे वय झालं, असं धरून चालू नका. रक्त कमी असणं, थायरॉईड, बी-१२ची कमतरता, वाढलेली साखर, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास, बीपीच्या गोळीचा डोस, मनाची उदासी, यातल्या कशानेही माणूस गळून जातो. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. साध्या तपासणीत ते कळतं. गेल्या महिन्यापर्यंत पाणी भरणारी आजी पंधरा दिवसांत एकदम अंथरुणाला खिळली, तर त्याला म्हातारपण म्हणू नये, डॉक्टरकडे न्यावं. तंबाखूच्या धुळीत वर्षं काढलेल्यांना चार पावलांवर धाप लागत असेल, तर छातीची तपासणीही करून घ्यावी.

तपासणी झाली, औषध सुरू झालं, तरी ताकद एका दिवसात येत नाही. इथे घरोघरी एकच चूक होते. एखाद्या दिवशी बरं वाटलं की आजी उठते, भांडी घासते, अंगण झाडते, चादरी भिजवते आणि पुढचे दोन दिवस पडून राहते. मग घरचे ओरडतात, "सांगितलं होतं ना काही करू नको!" पुढच्या वेळी ती खरंच काही करत नाही आणि आहे ती ताकदही जाते. यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटेल: दमायच्या आधी थांबायचं. दहा-पंधरा मिनिटं काम, तेवढीच विश्रांती. दिवसातला बरा वाटणारा वेळ कोणता ते ओळखायचं. बऱ्याच जणांचा तो सकाळी चहा-नाश्त्यानंतरचा असतो. तो वेळ आवडत्या कामाला द्यायचा, अंघोळीतच सगळी ताकद घालवायची नाही. अंघोळसुद्धा स्टुलावर बसून करता येते.

आता कामं कोणती? विडी वळणाऱ्या हाताला सूप ओळखीचं आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करा. तांदूळ, मटकी, तीळ निवडणं, वाटाणा-पावटा सोलणं, लसूण सोलणं, वाती वळणं. मात्र दमा-खोकला असलेल्यांना पाखडायला देऊ नका, धूळ नाकात जाते. भुईमुगाच्या वाळल्या शेंगा फोडताना बोटं दुखतात. शेंगांवर आधी पाण्याचा हबका मारून ठेवा, टरफल मऊ पडतं. खाली मांडी घालून बसणं जमत नसेल, तर खुर्चीसमोर स्टूल आणि त्यावर ताट ठेवा. आणखी एक गोष्ट महत्त्वाची: निवडलेला तांदूळ त्याच दिवशी शिजला पाहिजे. नुसतं गुंतवून ठेवायला दिलेलं काम म्हाताऱ्या माणसाला लगेच कळतं, आणि ते लागतंही.

वाकळ शिवणं हे आपल्या भागातलं जुनं काम. पूर्ण वाकळ आता झेपणार नाही, पण बाळाचं दुपटं होतं. मोठ्या नेढ्याची सुई आणा आणि सकाळीच चार-पाच सुयांत दोरा ओवून ठेवा, ते काम नातवाचं. साखरेचा आजार असलेल्यांची बोटं बधिर असू शकतात, टोचलेलं कळत नाही. त्यांना अंगुस्तान द्या आणि संध्याकाळी बोटं बघा.

ज्यांना तेवढंही होत नाही, त्यांच्यासाठी ओव्या आहेत. जात्यावर बसलेल्या पिढीच्या तोंडात त्या अजून आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पण तुमच्या आजीची ओवी त्यात असेलच असं नाही. मोबाईल उशाशी ठेवा, एका वेळी एक-दोनच ओव्या म्हणू द्या, कारण गाण्यालाही दम लागतो. ओवी कुणाकडून शिकली, कुठल्या वाड्यात म्हटली, हेही बोलू द्या. रेकॉर्डिंग पुण्या-मुंबईतल्या लेकीला पाठवा, म्हणजे रात्री तिचा फोन येतोच.

गडी माणसाचं जरा अवघड असतं. शेती, वखार, नोकरी सुटली की कट्टा आणि पत्ते, आणि पत्त्यांबरोबर तळहातावर मळलेली चिमूट. त्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, बियाणं निवडायला द्या, घरखर्चाची वही त्यांच्याकडे द्या. वाचनाची आवड असेल, तर बेळगावात १८४८ सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. आजोबांना जिना चढायला नको, पुस्तक मुलाने किंवा सुनेने आणावं.

थोडी हालचालही लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांत ६५ वर्षांवरच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असं म्हटलंय. १५० आकडा बघून घाबरू नका. काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलंही उपयोगी, हेही त्याच सूचनांत आहे. खुर्चीत बसून टाचा वर-खाली करा, एकेक गुडघा सरळ करा. मग हातांचा आधार घेऊन तीन-चार वेळा उठा-बसा. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी, प्लास्टिकची खुर्ची शहाबादी फरशीवर सरकते. हालचाल करताना बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. अंथरुणातून उठताना आधी कडेला मिनिटभर बसायचं, नाहीतर चक्कर येते.

छातीत दाब, अचानक धाप, तोंड किंवा हात एका बाजूला लुळा पडणं, यात वाट बघू नका. १०८ नंबर कर्नाटकात चालतो आणि महाराष्ट्रातही. घरी कुणीच नसतं, काय करावं कळत नाही, अशा ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची हेल्पलाईन आहे.

सीमाभागातल्या घरांसाठी अजून एक काम सुचवावंसं वाटतं. दवाखाना कधी कोल्हापूरला, कधी बेळगावला. एकीकडचे कागद मराठीत, दुसरीकडचे कानडीत. गोळ्यांची वेळ, साखर, बीपी, कुठलं काम केलं आणि किती दमलो, हे सगळं एका वहीत मोठ्या अक्षरात मराठीत लिहायचं. आजीला लिहिता येत नसेल, तर तिने सांगावं आणि नातवाने लिहावं. त्या बदल्यात शाळेत कानडी शिकणाऱ्या नातवाने तिला रोज एक कानडी अक्षर शिकवावं. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे, पण पाटी वाचायला दुसऱ्यालाच विचारावं लागतं. 'निप्पाणी' एवढं वाचता आलं तरी अंगात जरा बरं वाटेल त्या दिवशी ती माहेरच्या गाडीत स्वतः बसेल.