मोटारसायकलचे बोल्ट किती आवळावेत?

दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर पोहोचविण्यापासून बाजारातून बी-बियाणे आणण्यापर्यंत खेड्यातील पुष्कळ कामे आता मोटारसायकलवर होतात. तिचे तेल बदलणे, साखळी ताणणे, चाक काढून बसविणे ही कामे अनेक शेतकरी घरच्या घरी करतात, व ते योग्यच आहे. मात्र बोल्ट जितका घट्ट तितका चांगला, ही सर्वत्र रूढ असलेली समजूत येथे नुकसानीस कारण होते.

बोल्ट आवळला जात असताना तो केसभर ताणला जातो आणि पुन्हा आखडण्याच्या त्याच्या ओढीमुळे दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. गाडीवरील कडब्यास आवळलेल्या दोराचे कार्य असेच असते. दोर सैल राहिल्यास भार हलतो, फाजील ओढल्यास दोर तुटतो. पोलाद मर्यादेपलीकडे ताणले गेले की ते पूर्ववत होत नाही. असा बोल्ट वरून धड दिसला तरी त्याची पकड गेलेली असते.

हाताने लावलेल्या जोराचा सुमारे ९० टक्के भाग घर्षणात खर्च होतो व जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यास उपयोगी पडतो. म्हणून आट्यांत माती वा गंज असल्यास बोल्ट घट्ट लागला असे वाटते, पण पकड कमीच असते. उलट, आट्यांना तेल लावल्यास तेवढ्याच जोराने तो जास्त ताणला जातो. आटे ब्रशने स्वच्छ करावेत आणि माहितीपुस्तिकेत सांगितले नसल्यास तेल लावू नये.

सर्वाधिक हानी होते ती इंजिनाखालील तेल काढण्याच्या बोल्टापाशी. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे, त्यामुळे पान्यावर नळी चढवून जोर केला की कवचातील आटे झडतात. मग तेल थेंब थेंब गळू लागते. वेळीच लक्ष न गेल्यास इंजिन जाम होते. काही रुपयांचा वायसर बदलण्याऐवजी गळती थांबविण्यासाठी अधिक आवळणे, हेच बहुधा या नुकसानीचे मूळ असते.

जोर मोजण्याचा खास पाना मिळतो, व गावातील चार-पाच जणांनी मिळून तो घेण्यास हरकत नाही. तो नसल्यास लटकता स्प्रिंग काटाही कामास येतो. ६ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे सामान्यतः १० नंबरच्या पान्याने फिरणाऱ्या बोल्टास साधारणपणे १ किलोग्रॅम-मीटर जोर पुरतो. बोल्टाच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर काटा अडकवून पान्याशी काटकोनात ओढावा. १० किलो दिसले की थांबावे. ८ मिलिमीटरच्या बोल्टास २ ते २.५ किलोग्रॅम-मीटर लागतो, म्हणजे २० सेंटिमीटरवर १० ते १२.५ किलो. पुस्तिकेत आकडा न्यूटन-मीटरमध्ये असल्यास त्यास १० ने भागले तरी घरच्या कामापुरते चालते. पुस्तिकेतील आकडा वेगळा असल्यास तोच प्रमाण मानावा.

प्रत्येक बोल्ट प्रथम बोटांनीच चार-पाच फेरे फिरवावा. तो अडत असल्यास आटे तिरके बसले आहेत असे समजून परत काढावा. झाकणाचे बोल्ट एका बाजूने क्रमाने न आवळता समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. नाहीतर झाकण वाकते.

मागील चाकाच्या आसाची चाकी मात्र सैल राहणे जिवावर बेतणारे आहे. तिला बऱ्याच अधिक जोराची गरज असते, व तो आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. कॉटर पिन असल्यास ती दरवेळी नवी घालावी. चाकी आवळल्यावर साखळीचा ताण पुन्हा पाहावा, कारण आवळताना आस थोडा सरकतो. शेवटी चाकीवरून शेजारच्या भागावर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. रोज सकाळी किटल्या लादण्यापूर्वी ती रेघ तुटलेली दिसली, तर चाकी फिरली आहे हे पान्याला हात न लावता कळते.