अपोलो चांद्रवाहन आणि वस्तुमानाचा हिशेब

त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अग्निबाण-समीकरणानुसार, इष्ट वेगबदल जसजसा वाढतो तसतसे प्रारंभीच्या व अखेरच्या वस्तुमानांचे गुणोत्तर घातांकी प्रमाणात वाढत जाते. अपोलो योजनेतील चांद्रवाहनाला या नियमाची झळ दोनदा लागे. कारण जे चंद्रपृष्ठावरून परत न्यावयाचे, ते प्रथम इंधन जाळून तेथे अलगद उतरवावे लागे.

वाहनाच्या दोन्ही इंजिनांतील वायूंचा उत्सर्जनवेग सेकंदाला सुमारे ३,०५० मीटर होता. उतरण्यासाठी सुमारे २,१०० व चढण्यासाठी सुमारे १,८५० मीटरांचा वेगबदल गृहीत धरल्यास वस्तुमानांची गुणोत्तरे अनुक्रमे १.९९ व १.८३ येतात. म्हणजे कक्षेत परतणाऱ्या प्रत्येक किलोग्रॅमासाठी अवतरणारंभी सुमारे ३.६ किलोग्रॅम लागत. चंद्रावरच सोडून यावयाच्या वस्तूस मात्र सुमारे दोनच. तेव्हा काटकसरीचा भर आरोहण-विभागावर असावा, हे ओघानेच आले.

वाहनाच्या निर्मितीचे काम १९६२ मध्ये ग्रमन कंपनीकडे आले. टॉमस केली हे तिचे प्रमुख अभियंते होते. मूळ कल्पनेत अंतराळवीरांसाठी आसने व मोठ्या खिडक्या होत्या. आसने काढून वीरांना उभे ठेवताच त्यांचे डोळे काचेजवळ आले आणि लहान त्रिकोणी खिडक्याही पुरेशा ठरल्या. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतके असल्याने उभे राहणे जाचक नव्हते. एका निर्णयाने आसनांचे व काचेचे, असे दोन्ही वजन वाचले, आणि दृष्टिक्षेप उलट सुधारला.

तथापि एवढ्याने भागले नाही. १९६५ मध्ये वजन घटविण्याची विशेष मोहीम हाती घ्यावी लागली. रासायनिक प्रक्रियेने ॲल्युमिनियमचे पत्रे कोरून काही ठिकाणी त्यांची जाडी सुमारे ०.३ मिलिमीटरपर्यंत आणली गेली. उष्णतारोधक कठीण फलकांच्या जागी बऱ्याच ठिकाणी पातळ पटलांची आवरणे आली. या काटकसरीचे मोलही द्यावे लागले: बारीक केलेल्या विद्युत्-तारा हाताळताना तुटू लागल्या, तर काही धातुभागांत ताणजन्य क्षरणाने तडे आढळले. त्यांच्या तपासणीत व दुरुस्तीत बराच काळ खर्ची पडला.

या दोन प्रकारांतील भेद अभ्यासकांनी ध्यानी घेण्याजोगा आहे. रचनेची कल्पना बदलून वाचविलेले वजन बहुधा निर्वेध असते; द्रव्य झिजवून वाचविलेले वजन मात्र सुरक्षिततेच्या राखीव साठ्यातून उसने घेतलेले असते. जुलै १९६९ मध्ये ‘ईगल’ चंद्रावर उतरले, ते हे दोन्ही हिशेब जुळल्यानंतरच.