एका पाटीवर चार भाषा

आग्नेय आशियातील सिंगापूर हे एक बेट आहे, शहर आहे आणि स्वतंत्र राष्ट्रही आहे. 'सिंहपूर' या संस्कृत शब्दावरून त्याचे नाव पडले. क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या जवळजवळ अठराव्या हिश्श्याएवढे; आणि एवढ्याशा भूमीवर सुमारे ६० लाख माणसे राहतात. चिनी, मलय, तमिळ अशा नाना वंशांचे हे लोक परस्परांशी बोलतात तरी कोणत्या भाषेत? निपाणीसारख्या सीमाभागात वाढलेल्या आम्हां कुटुंबीयांस हा प्रश्न सहजच पडला. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत काकांकडे गेलो असता आम्ही एक संपूर्ण दिवस शहर पाहण्यात घालविला, तेव्हा त्याचे उत्तर थोडेबहुत उमगले.

सकाळी आम्ही शहरी आगगाडीने निघालो. १९८७ साली सुरू झालेली ही गाडी कोठे भुयारातून, तर कोठे उंच पुलावरून धावते. तिच्या काही मार्गांवर चालकच नसतो! धोक्याच्या सूचना इंग्रजी, मलय, चिनी व तमिळ अशा चार भाषांत लिहिलेल्या दिसल्या. याच त्या राष्ट्राच्या चार राजभाषा होत. चिनी लोक सुमारे तीन चतुर्थांश असूनही राष्ट्रभाषेचा मान मलय भाषेला आहे आणि राष्ट्रगीतही त्याच भाषेत आहे.

'लिटल इंडिया' भागातील टेक्का बाजारात आम्हांस कोथिंबीर, नारळ, विड्याची पाने, सारे काही दिसले. एक वृद्ध चिनी भाजीवाला तमिळ गिऱ्हाइकाशी मोडक्यातोडक्या मलय भाषेत भाव ठरवीत होता. आपल्या बाजारात एकाशी मराठी व दुसऱ्याशी कानडी बोलणारा दुकानदार आम्हांस तत्काळ आठवला.

दुपारी आम्ही एका 'हॉकर सेंटर'मध्ये जेवलो. पूर्वी रस्त्यांवर खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना सरकारने पाणी व निचऱ्याची सोय असलेल्या छपराखाली आणले. २०२० साली युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीस मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. नंतर साऊथ ब्रिज रोडवर १८२७ साली स्थापन झालेले श्री मारिअम्मन मंदिर, त्याच्या शेजारची जामे मशीद आणि पुढे बौद्ध मंदिर ही तिन्ही एकाच रस्त्यावर पाहिली.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही वाचकांनी ध्यानी घ्यावी. पूर्वी तेथे चिनी, मलय व तमिळ माध्यमाच्या शाळा होत्या. इंग्रजीने नोकरी मिळते म्हणून त्या ओस पडत गेल्या आणि १९८७ पासून राष्ट्रीय शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. मातृभाषा हा एक विषय तेवढा उरला. २०२० च्या जनगणनेत सुमारे ४८ टक्के रहिवाशांनी घरी मुख्यतः इंग्रजी बोलतो असे सांगितले. तमिळ सांगणारे अडीच टक्केच. शाळेत तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी व उर्दू या भारतीय भाषा मातृभाषा म्हणून घेता येतात. त्यांत मराठी नाही. त्यामुळे आमची धाकटी चुलत बहीण शाळेत हिंदी शिकते. मराठी ती शिकली आजीशी दूरध्वनीवर बोलून आणि रात्री काकूंकडून गोष्टी ऐकून.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात आली. तेव्हापासून पाटीवर व कागदपत्रांत मराठी असावी, अशी येथील मराठी माणसांची मागणी आहे, आणि ती न्याय्यच आहे. मात्र राजमान्यतेने भाषेला पाटी मिळते. बोलणारे घरातून व शाळेतूनच मिळावे लागतात. विद्यार्थी मित्रहो, शेजाऱ्याची कानडी आपण आपुलकीने शिकूच, जगाची इंग्रजीही शिकू. पण घरी आईशी बोलताना, पत्र लिहिताना आणि या वार्षिकाची पाने भरताना आपली मराठी आपणच सांभाळली पाहिजे. ते काम कोणतेही सरकार आपल्यासाठी करू शकणार नाही.