ओढ्यातील इवले मासे

पावसाळा संपला, की ओढ्याचे पाणी निवळते. काठावर बसून थोडा वेळ पाहिले, तर तळाची वाळू दिसते आणि तिच्यावरून बोटभर लांबीच्या माशांचे थवे पळताना दिसतात. हे मासे बाजारात फारसे येत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. खरे तर दुकानातील रंगीत माशांइतकेच ते सुंदर असतात आणि घरच्या काचेच्या टाकीतही चांगले राहतात.

त्यांपैकी एक मासा नेहमी पाण्याच्या वरच्या थरात पोहतो. त्याच्या माथ्यावर टिकलीसारखा चमकदार ठिपका असतो. शास्त्रज्ञ त्याला ॲप्लोकायलस म्हणतात. गावोगाव त्याची नावे वेगळी आहेत. तुमच्या भागातील नाव एखाद्या जाणत्या मच्छीमाराला विचारा. डासांच्या अळ्या हे या माशाचे आवडते खाद्य आहे.

दुसरा मासा अंगावर निळे पट्टे असलेला. झेब्रा मासा हे त्याचे नाव. तो भारत, नेपाळ आणि बांगलादेश येथील संथ ओढ्यांत व भातखाचरांजवळच्या पाण्यात राहतो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवर ग्रंथ लिहिला. त्यात या माशाचे वर्णन आहे. आज जगभरातील प्रयोगशाळांत हा मासा पाळतात. त्याच्या अंड्यातील पिल्लू पारदर्शक असते, त्यामुळे त्याचे हृदय कसे घडते, हे सूक्ष्मदर्शकातून दिसते. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांशी मिळतीजुळती जनुके या माशात आहेत, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. चार सेंटिमीटरचा हा जीव माणसाचे आजार समजून घ्यायला मदत करतो!

असे मासे पकडताना घरातील मोठ्या माणसाला बरोबर घ्यावे. पूर आलेल्या किंवा खोल पाण्यात कधीही उतरू नये. अभयारण्यात मासे पकडणे हा गुन्हा आहे. खाजगी तळे असेल, तर मालकाची परवानगी घ्यावी. तारेच्या कड्याला मच्छरदाणीचे कापड शिवले, की छोटी जाळी तयार होते. मासा कोरड्या हाताने धरू नये. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघाला, तर त्याला रोग जडतो. ओढ्याचेच पाणी डब्यात घेऊन त्यातून मासे घरी आणावेत आणि डबा उन्हात ठेवू नये.

टाकी आधीच तयार असावी. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच टाकी असेल, तर तिच्यात सुमारे ५० लिटर पाणी मावते. तळाशी धुतलेली वाळू घालून हायड्रिलासारख्या पाणवनस्पती लावाव्यात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना घातक असतो, म्हणून ते पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. टाकीवर झाकण हवेच, कारण हे मासे उड्या मारण्यात पटाईत असतात.

पुष्कळांचे मासे पहिल्याच महिन्यात मरतात. मग ‘मासे आम्हांला लाभत नाहीत,’ असे लोक म्हणतात. कारण मात्र वेगळेच असते. माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांमुळे पाण्यात अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. वाळूत वाढणारे काही जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट मात्र त्यामानाने कमी घातक असते व वनस्पती ते शोषून घेतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात. ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीला दोन-तीनच मासे ठेवावेत. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे. टाकी साबणाने कधीही धुऊ नये. त्यामुळे माशांना इजा होते आणि उपयोगी जिवाणूही मरतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. केरळ व कर्नाटकातील नद्यांत ‘मिस केरला’ नावाचा लाल-काळ्या पट्ट्यांचा देखणा मासा आहे. हौशी लोकांसाठी तो इतका पकडला गेला, की आज त्याची गणना धोक्यात आलेल्या माशांत होते. म्हणून जेवढे मासे नीट सांभाळता येतील, तेवढेच घ्यावेत. अंडी घालण्याच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्यात, त्यांना हात लावू नये.

टाकीतील मासे नकोसे झाले, तरी ते ओढ्यात सोडू नयेत. त्यांच्याबरोबर रोगही पाण्यात जातात. परदेशी मासे तर मुळीच सोडू नयेत. डासांच्या बंदोबस्तासाठी अमेरिकेतील गॅम्बुशिया मासा १९२८ साली भारतात आणला गेला. तो डासांच्या अळ्यांबरोबर इतर माशांची अंडी व पिल्लेही खातो. अळ्या खाणारे मासे तर आपल्या ओढ्यात आधीपासूनच होते! त्यांची ओळख असती, तर पाहुणा बोलावण्याआधी लोकांनी विचार केला असता.

घरच्या टाकीचा खरा उपयोग हाच आहे. तिच्यातील पाच-सहा मासे रोज पाहणाऱ्याला त्यांना कसे पाणी लागते, ते कळते. मग ओढ्यात कचरा टाकताना त्याचा हात थबकतो.