मनाचे दुखणे आणि गावातला आधार

मनोसामाजिक आरोग्य म्हणजे माणसाच्या मनाची स्थिती आणि तो ज्या परिस्थितीत दिवस काढतो ती परिस्थिती, यांचा एकत्र विचार. डोक्यावरचे कर्ज, घरातली दारू, सासरचा जाच, गेलेली नोकरी, म्हातारपणातला एकटेपणा या सगळ्याचा भार मनावर येतो. मन खचले की कामे राहून जातात, येणे-जाणे तुटते, पैशाची ओढाताण वाढते आणि मन आणखी खचते. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ मध्ये लागू झाली, तिच्यातच आरोग्याची व्याख्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य अशी आहे. अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये आजाराकडे शरीर, मन आणि समाज अशा तिन्ही अंगांनी पाहण्याची मांडणी केली. तत्त्व म्हणून हे सर्वांनी मान्य केले. गावच्या दवाखान्यापर्यंत मात्र ते फार उशिरा पोहोचले.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत उभी असलेली बाई सहसा मन उदास असल्याचे सांगत नाही. अंगात ताकद नाही, डोके जड वाटते, कंबर दुखते, अंगावरून पांढरे जाते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, अशा तिच्या तक्रारी असतात. तिला टॉनिक मिळते, वेदनाशामक गोळी मिळते. झोप का लागत नाही, हे विचारायला डॉक्टरांकडे वेळ नसतो. २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १० टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. नैराश्य आणि चिंता यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या विकारांत १०० पैकी जवळपास ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. मानसोपचारतज्ज्ञ थोडे, तेही शहरात. त्यामुळे केवळ तज्ज्ञांची संख्या वाढण्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

यावरचा एक ठोस मार्ग गोव्यात तयार झाला. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे ‘संगत’ ही संस्था सुरू केली. संस्थेच्या ‘मानस’ या प्रयोगात सरकारी आरोग्य केंद्रे आणि खासगी दवाखाने मिळून २४ ठिकाणे होती. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमण्यात आले. आजार समजावून सांगणे आणि बोलून धीर देणे हे त्यांचे काम. गरज पडल्यास डॉक्टर औषध देत आणि मानसोपचारतज्ज्ञ मागे उभे असत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढले. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. तिथे रुग्णाला ओळखणारा, त्याच्याशी चार शब्द बोलणारा डॉक्टर आधीपासूनच असतो, हे त्याचे एक संभाव्य कारण. खरे तर हाही निष्कर्ष तितकाच मोलाचा आहे, कारण उपचारात नात्याचा वाटा किती असतो, ते त्यातून कळते.

पुढच्या टप्प्यात तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींचा एक उपचार तयार झाला. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. देवळात जाणे थांबते, शेजारणीकडे बसणे थांबते, आवडीची भाजीसुद्धा केली जात नाही. आनंदाचे आणि काहीतरी जमल्याचे क्षण आयुष्यातून निघून जातात आणि उदासी गडद होते. बरे वाटले की करीन, असे रुग्णाला वाटत असते. हा उपचार क्रम उलटा धरतो: आधी करायचे, वाटणे मागून येते.

समजा, सून परगावी गेल्यापासून एक बाई दिवसभर पडून असते. समुपदेशक तिच्याबरोबर बसून कालचा दिवस तासातासाने कागदावर मांडते आणि प्रत्येक कामापुढे त्या वेळी कसे वाटत होते ते नोंदवते. दुपारभर पडून राहिल्यावर सर्वांत वाईट वाटले आणि सकाळी अंगण झाडताना थोडे हलके वाटले, हे बाईला स्वतःच दिसते. मग पुढच्या आठवड्यासाठी एकच छोटी गोष्ट ठरते: संध्याकाळी पाच वाजता बहिणीला फोन. ती झाली तर आणखी एक. नाही झाली तर काय आडवे आले, ते पाहून गोष्ट आणखी लहान करायची. अडचण खरीखुरी असेल, पैशाची किंवा भांडणाची, तर तिचे तुकडे करून कुठला तुकडा आपल्या हातात आहे ते शोधायचे.

गोव्यातल्या १० आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर याची चाचणी झाली. तीन महिन्यांनंतर हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. या यशामागे देखरेखीची एक शिस्तही होती. समुपदेशक आपल्या भेटींची ध्वनिमुद्रणे एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांच्या कामाला गुण देत.

विदर्भात प्रश्न आणखी बिकट होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी छोट्या गटांच्या बैठका घेतल्या, नैराश्याची लक्षणे समजावली, लोकांना समुपदेशकांपर्यंत नेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तरीही जवळपास तीन चतुर्थांश लोक मदतीबाहेरच राहिले, हेही विसरता येत नाही.

‘सामाजिक’ हा भाग सर्वांत गंभीरपणे घेतला तो ‘आत्मीयता’ या उपक्रमाने. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने २०१३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या गावांत तो सुरू केला; पुढे तो गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात शेकडो गावांत पोहोचला. इथे काम करणारे गावातलेच स्वयंसेवक असतात. ते दुःखी माणसाशी बोलतात आणि कौटुंबिक कलह, दारू, बेकारी अशा विषयांवरचे लघुपट मोबाइलवर दाखवतात. त्याचबरोबर अडलेल्या सरकारी योजनांसाठीही धावपळ करतात. विधवेचे पेन्शन कागदाअभावी अडले असेल, तर तिच्या मनावरचा भार हलका करायला नुसते बोलणे पुरत नाही. तिच्याबरोबर तहसील कचेरीत जाणे हाही उपचाराचाच भाग आहे, आणि हे ओळखणे ही ‘आत्मीयते’ची खरी कमाई आहे.

या पद्धतीला मर्यादा आहेत. भास होणे, टोकाचा संशय, असंबद्ध बोलणे किंवा दिवसेंदिवस अन्न न घेणे, अशा स्थितीत मानसोपचारतज्ज्ञच हवा. दीर्घकाळ दारू पिणाऱ्याने ती एकदम सोडल्यास झटके येऊ शकतात, म्हणून तिथेही डॉक्टर लागतो. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर आत्महत्येचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट माणसाला मोकळे होता येते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये आणि कीटकनाशक, गोळ्या घरातून हलवाव्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, म्हणून शिक्षेच्या भीतीने दवाखाना टाळण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेत १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते.